केबल लावून पास झालेलं डबडं

माझं काम सांगायला सोपं आणि समजावायला अवघड आहे. बारामती एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी रिसीव्हर तपासते. रिसीव्हर म्हणजे रेडिओवरून आलेला संदेश ऐकणारं डबडं. गाणी लावायचा रेडिओ नव्हे. आमचं डबडं विहिरीवर, नदीकाठी, नाहीतर टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी बसतं. लांबून कोणी 'चालू' म्हटलं की मोटर चालू करतं, 'बंद' म्हटलं की बंद करतं. रोज ठरलेले नग तपासायचे, नग पास झाला की पाठीमागे गोल स्टिकर चिकटवायचं आणि त्यावर सही करायची. अकरा वर्षं ही सही करते आहे. करून करून ती इतकी आखूड झाली आहे की बँकेत जुळत नाही.

अशाच एका सहीमुळे गावानं माझ्या भावाला लबाड ठरवलं, आणि तसं ठरवायला मीच हातभार लावला. ते लिहून काढते आहे. त्यात कितीतरी दिवस मला फारसं काही वाटलंच नाही, हे आधीच सांगून टाकते. वाटायला हवं हे मला कळत होतं. पण या प्रकरणाची गावात बैठक झाली तेव्हापासून कितीतरी महिने माझं असंच चाललं होतं. डबा भरायचे, कामावर जायचे, परत यायचे, कोणी विनोद केला तर योग्य वेळी हसायचे.

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठी. वडील लवकर गेले. त्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे तात्यांनी, आम्हा दोघा भावंडांना मोठं केलं. तात्यांना मूलबाळ नाही. दादाचं लग्न त्यांनी लावलं, माझं शिक्षण त्यांनी केलं, आणि इंजिनिअरिंगला पोरगी कशाला घालता म्हणणाऱ्यांना जी उत्तरं दिली ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. दादाचं रान वरच्या अंगाला, तात्यांचं त्याच्या खाली लागून. पाण्याकाठी दोघांची मिळून एक मोटर. तीन दिवस दादाची पाळी, तीन दिवस तात्यांची.

त्या मोटरीवर डबडं बसवायची कल्पना माझी. मोटर घरापासून लांब, वाट काट्याकुट्याची. पाण्याकाठी मोबाईलला रेंज नाही. म्हणून घराच्या गच्चीवर एक यंत्र बसवलं. मोबाईलवर बटण दाबलं की ते यंत्र रेडिओनं मोटरीवरच्या डबड्याला सांगणार आणि डबडं मोटर चालू-बंद करणार. डबडं फक्त ऐकायचं, उलट बोलायचं नाही, त्यामुळे मोबाईलवर 'आदेश पाठवला' एवढंच दिसायचं. नग मी स्वतः निवडला, स्वतः तपासला, स्वतः सही केली. दादानं तो मोटरीच्या लोखंडी सांगाड्यावर बोल्टनं घट्ट आवळून बसवला. शेजारीपाजारी बघायला आले तेव्हा तात्या सगळ्यांना सांगत होते, "आमच्या पोरीनं तपासल्यालं हाय." मला ते आवडलं. नाही कशाला म्हणू?

दादा सकाळी घरूनच मोटर चालू करायचा. बंद करायच्या वेळेला तो रानातच असायचा, त्यामुळे हातानंच बंद करून यायचा. तात्यांच्या पाळीलाही हेच. म्हणजे डबड्यानं 'बंद' ऐकायची वेळ जवळजवळ आलीच नव्हती. हे मला नंतर कळलं. तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

उन्हाळ्यात एक दिवस दादा आणि वहिनी बारामतीत आले. मार्केट यार्डातलं काम उरकून माझ्याकडे जेवायला थांबले. तिथून त्यांना वहिनीच्या माहेरी लोणी भापकरला साखरपुड्याला जायचं होतं आणि मुक्कामही तिकडेच होता. जेवताना दादाला आठवलं, सकाळी उसाला पाणी लावलंय. त्यानं भाजीचा हात पुसला, मोबाईल काढला, 'बंद'चं बटण दाबलं. मग मोबाईल माझ्याकडे फिरवून म्हणाला, "बघ तुझं यंत्र. हितं बसून बंद केली मोटर." मी बघितलं. हिरव्या अक्षरात 'आदेश पाठवला'. मी त्याला अजून एक भाकरी वाढली.

मोटर बंद झाली नव्हती. शेतीच्या मोटरींना लागणारी तीन फेजची वीज ठरलेल्या वेळीच असते, ती संध्याकाळी गेली तोवर मोटर चालत राहिली. पाणी उसाच्या सऱ्या भरून बांधावरून खाली तात्यांच्या रानात उतरलं. तात्यांनी कांदा काढून, पातीनं झाकून, सुकायला रानातच ठेवला होता. कांदाचाळीत न्यायला अजून तीन-चार दिवस होते. तात्याही त्या दिवशी इंदापूरला गेले होते. संध्याकाळी येऊन बघतात तर अख्खा कांदा पाण्यात बसलेला. काढलेल्या कांद्याला पाणी लागलं की संपलं. आठवड्याभरात त्या रानावरून नाक धरून जावं लागत होतं.

नुसतं एवढंच असतं तर तात्या ओरडले असते आणि चार दिवसांनी विसरले असते. पण त्याआधी पंधरा दिवस दादाच्या ट्रॅक्टरनं बांध थोडा कोरला गेला होता, आणि त्यावरून काका-पुतण्याची चार माणसांत चांगली जुंपली होती. दादाचं तोंड रागात सुटतं. त्या दिवशीही सुटलं होतं. त्यामुळे कांदा भिजल्यावर गावाला कोडं पडलंच नाही. मोटर चालू ठेवून हा पाहुण्यांत जाऊन बसला, म्हणजे मुद्दामच. ज्यानं सांभाळलं त्याच्याच रानात पाणी सोडलं. पारावर, डेअरीवर, सगळीकडे हेच.

दादा म्हणत होता, मी बंद केली होती. तो दुसरं काहीच म्हणत नव्हता.

मग तात्यांच्या ओट्यावर बैठक बसली. भावकीतली सात-आठ माणसं होती. मी सकाळच्या एसटीनं गेले. आमच्या कारखान्याचा जोडणी करणारा माणूस दादानंच बोलावून घेतला होता, डबडं तपासायला. तो पाण्याकाठी जाऊन आला. त्या आठवड्यात तीन फेजची वीज रात्रीची होती, त्यामुळे मोटर चालू करून बघायचा प्रश्नच नव्हता. डबडं स्वतःच्या बॅटरीवर चालतं. त्यानं दहा वेळा 'चालू' पाठवलं, दहा वेळा 'बंद' पाठवलं. प्रत्येक वेळी आतला खटका बरोबर पडला. डबड्यावरचे पाचही दिवे हिरवे, म्हणजे सिग्नल पुरेपूर. त्यानं ओट्यावर येऊन तसं सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "आवाज एवढा खणखणीत येतोय, मंग त्या दिवशीच कसं ऐकलं न्हाय?"

तात्या माझ्याकडे वळले. "पोरी, तू ह्याच कामात हायस. डबडं चुकतं का?"

मला तेव्हा काय काय सुचलं ते आठवतं. दादानं बटण दाबलेलं मी बघितलं होतं. पण डबडं चुकत नाही हेही मला माहीत होतं. दोन्ही एका वेळी खरं कसं असेल, हे जुळेना. कदाचित त्यानं आधी दुसरंच बटण दाबलं असेल, कदाचित नंतर चुकून परत चालू केली असेल. समोर आमचा माणूस बसलेला, तो उद्या जाऊन मालकांना सांगणार. आणि डबड्याच्या पाठीवर माझी सही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ती सही जास्त जवळची वाटली.

"न्हाय तात्या," मी म्हणाले. "माझ्या हाताखालनं गेलंय. चुकत न्हाय."

दादानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. लोकांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. बैठक तिथंच उठली. महिन्याभरात तात्यांनी स्वतःची वेगळी मोटर टाकली, वेगळा पाइप ओढला. गच्चीवरचं यंत्र आणि मोटरीवरचं डबडं दादानं काढून माळ्यावर टाकलं. काका-पुतण्याचं बोलणं बंद. दोघांच्या अंगणांत चाळीस पावलांचं अंतर आहे.

मी परतीच्या एसटीत बसले तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं. सुरुवातीला बरं वाटलं होतं, म्हटलं, निभावलं. मग दिवाळी आली. भाऊबीजेला गेले, दादाला ओवाळलं, त्यानं ताटात ओवाळणी टाकली, मी लाडू पुढे केला. त्यानं खाल्ला. गोड जास्त झालाय का, मी विचारलं. नाही म्हणाला. तीन तासांत आमचं एवढंच बोलणं. तो माझ्यावर रागावलाय हे मी धरूनच चालले होते, आणि त्याचा राग रास्त आहे हेही. पण त्यानं मला दुखलं असं काही झालं नाही. दात काढताना सुई दिल्यावर गाल आपला नसल्यासारखा होतो, तसं. चावलं गेलं तरी नंतर आरशात रक्त दिसल्यावरच कळतं.

आता डबड्याच्या पोटातलं थोडं सांगावं लागेल. प्रत्येक डबड्यात एक छोटा स्फटिक असतो, डाळीच्या दाण्याएवढा. तो सेकंदाला लाखो वेळा थरथरतो. ते डबड्याचं घड्याळ. रेडिओची लहर आली की डबडं ती या घड्याळाशी लावून बघतं. लहर तालाच्या किती पुढे आली, किती मागे आली, यातच संदेश असतो. आमच्या तपासणीच्या पडद्यावर हे आठ ठिपक्यांसारखं दिसतं, गोलात मांडलेल्या. डबडं चांगलं असेल तर ठिपके बारीक, टोकदार, आपापल्या जागी. पण घड्याळच डगमगत असेल तर ठिपके गोलाच्या कडेनं लांबट होतात, रांगोळीच्या ठिपक्यावरून बोट ओढलं गेल्यासारखे. जास्तच डगमगलं तर एकाची शेपटी दुसऱ्याच्या जागेत घुसते. मग डबड्याला भलताच संदेश ऐकू येतो. तो संदेश धड नाही एवढं ओळखायची अक्कल आम्ही त्याला दिलेली असते, म्हणून ते काहीच करत नाही, गप्प बसतं.

याला आमच्यात फेज नॉइज म्हणतात. यात सिग्नल वाढवून उपयोग नसतो. अँटेना उंच करा, ताकद दुप्पट करा, पाचही दिवे हिरवे राहतील आणि चुका तेवढ्याच होतील. कारण येणाऱ्या आवाजात खोट नसते. ऐकणाऱ्याचं घड्याळ हलत असतं. आणि स्फटिकाचं घड्याळ हलायला एक गोष्ट पुरते, त्याला धरून गदागदा हलवणं.

हे मला कॉलेजपासून माहीत होतं. परीक्षेत यावर मी दोन पानं लिहिली होती. तरी अकरा वर्षं मी काय करत होते, तर केबल लावत होते.

त्या केबलचं असं आहे. डबड्याचा स्फटिक आणि आमचं संदेश पाठवणारं यंत्र यांच्या तालात थोडाफार फरक असतोच. त्यामुळे पडद्यावरचे आकडे हलत राहतात, स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि दिवसाचे नग पुरे होत नाहीत. म्हणून टेबलावर एक निळी केबल असायची. पाठवणाऱ्या यंत्राचाच ताल त्या केबलनं डबड्याला द्यायचा. केबल खुपसली की डबड्याचा स्वतःचा स्फटिक बाजूला पडतो आणि आकडे खिळा ठोकल्यासारखे उभे राहतात. मी कामाला लागले त्या पहिल्या दिवशी आमच्या टेस्टिंगच्या सरांनी माझ्या हातात ती केबल दिली आणि म्हणाले, "ही लावल्याशिवाय एकही नग तपासायचा नाही." मी लावली. माझ्यानंतर आलेल्या पोरींना मीही तेच सांगितलं. डबडं हलवून बघायचं टेबलही आमच्याकडे आहे, तिथंही केबल लावूनच. सगळे नग पास. होणारच की. पाठवणाऱ्याचं घड्याळ आम्ही पाठवणाऱ्याच्याच घड्याळाशी ताडून बघत होतो. शेतात ज्याच्या जिवावर सगळं चालायचं तो स्फटिक तपासणीच्या वेळी आराम करायचा. पूर्वी येणारे स्फटिक दणकट होते, म्हणून बिंग कधी फुटलं नाही. मधे पुरवठादार बदलला आणि हलके यायला लागले. केबलमुळे तेही कोणाला कळलं नाही.

थंडी सुरू झाली आणि एक दिवस त्या केबलचं टोक तुटलं. वापरून वापरून झिजलं होतं. दुसरी केबल स्टोअरमध्ये नव्हती. सर जेवायला गेले होते, नग पडून होते. मी म्हटलं, होऊ दे वेळ, बिनकेबलीचं तपासू. टेबलावर डबडं शांत असताना ठिपके ठीक होते, जरा जाडसर. मग ते हलत्या टेबलावर लावून टेबल चालू केलं, आणि ठिपके पसरले. आधी कोयरीसारखे झाले, मग एकमेकांना चिकटले, आणि मग पडद्यावर नुसतं एक कडं उरलं. मी टेबल बंद केलं. आठ ठिपके परत आपल्या जागी. चालू केलं, कडं. बंद, ठिपके. हे मी किती वेळा केलं ते मोजलं नाही. शेजारच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, "ताई, बिघडलं का?" मी नाही म्हणाले.

सर आले. पडदा बघून म्हणाले, "केबल नाही म्हणून नाचतंय. उद्या केबल येईल, मग कर."

"सर, शेतात केबल कुठं असते?"

सर उभेच राहिले. ते चांगले गृहस्थ आहेत. मला त्यांनी सोल्डरिंगपासून सगळं हाताला धरून शिकवलं. त्यांनी स्वतः टेबल चालू केलं, बंद केलं, परत चालू केलं. मग खुर्ची ओढून बसले आणि चष्मा काढून डोळे चोळले. "मलाही हे असंच शिकवलं होतं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते आपणहून मालकांकडे गेले, चूक स्वतःच्या विभागाची आहे म्हणून सांगितलं. हलके स्फटिक परत गेले. बाहेर बसवलेली डबडी एकेक करून परत मागवायला सुरुवात झाली. कोणी कोणाला ओरडलं नाही. मला वाटलं होतं, आता तरी मला काही वाटेल. धक्का, शरम, निदान धडधड. मी घरी जाऊन मेथी निवडली.

त्या आठवड्यात दादाला फोन केला. ते डबडं अजून माळ्यावर आहे का विचारलं. आहे म्हणाला. एसटीनं पाठवून दे म्हटलं. कशाला, असं त्यानं विचारलं नाही. डबडं आलं. पाठीवर माझी आखूड सही होती. हलत्या टेबलावर लावून दहा वेळा 'बंद' पाठवलं. एकदाही खटका पडला नाही. टेबल थांबवून परत दहा वेळा पाठवलं. दहाही वेळा पडला. म्हणजे मोटर उभी असताना डबडं सगळं ऐकायचं. मोटर चालू झाली की ज्या सांगाड्यावर ते आवळलं होतं तोच थरथरायचा, आणि डबडं बहिरं व्हायचं. चालू कर म्हटलेलं त्याला कळायचं. बंद कर म्हटलेलं कळणं शक्यच नव्हतं.

रविवारी इंदापूरची एसटी धरली. दादाकडे न जाता आधी तात्यांच्या रानात गेले. कांद्याची लागण चालली होती, त्याच रानात. बायका वाफ्यांत वाकून रोपं लावत होत्या. तात्या बांधावर बसून तंबाखू मळत होते.

"बस," ते म्हणाले. "रोपाची जुडी हाय तितं, पाय देशील."

मी बसले. सगळं सांगितलं. काडीनं मातीत आठ ठिपके काढले, ते पसरतात कसे ते दाखवलं, केबलचं सांगितलं, डबडं मोटरीच्या सांगाड्यावर होतं ते सांगितलं. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माणूस शाळेत चौथीपर्यंतच गेला असला तरी बोलणं मधे तोडायचं नाही हे त्याला कळतं.

"म्हंजी चूक तुमच्या कंपनीची," ते म्हणाले.

"माझी बी. सही माझी हाय."

"ते ठिपकं मला काय कळायचं न्हाईत, ऱ्हाऊ दे. मला एक सांग. त्यानं मोटर बंद केली हुती, ह्ये तुला कवा कळलं?"

मागच्या आठवड्यात, असं म्हणता आलं असतं. डबड्यापुरतं ते खरंही होतं. पण मी म्हणाले, "त्याच दिवशी, तात्या. माझ्या घरात जेवायला बसला हुता. माझ्यासमोर बटण दाबलं."

"तू बघितलंस?"

"व्हय."

तात्यांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली नाही, बांधावर झटकली. "आणि मी काय इचारलं हुतं तुला?"

"डबडं चुकतं का, असं."

"मला काय करायचं हुतं डबड्याचं? मी तुझ्या तोंडाकडं बघत हुतो. तू नुसतं म्हणली असतीस त्यानं दाबल्यालं मी बघितलं, तर मी तितनंच उठलो असतो. कांदा गेला तर गेला. दर साली कायतरी जातंय." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

ते उठले, टोपी नीट केली आणि चालायला लागले. मी मागून. तात्या दादाच्या अंगणात शिरले तेव्हा वहिनी भांडी घासत होती, ती उभी राहिली. दादा गोठ्यातून बाहेर आला. त्या बैठकीनंतर तात्यांनी त्या अंगणात पाय ठेवला नव्हता. दादानं हात पुसले आणि आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"हिच्यासमोर बटण दाबलं हुतंस म्हणं," तात्या म्हणाले.

"व्हय."

"मंग त्या दिवशी बोलला का न्हाईस? भावकी बसली हुती समदी. हिच्याकडं बोट करायचं. हिनं बघितलंय, इचारा हिला, म्हणायचं."

मला वाटलं, आता निघेल सगळं. निघावं असंही वाटलं.

"कसं म्हणू तात्या?" तो म्हणाला. "डबड्यावर हिची सही हुती. हिनं चार माणसांत सांगितलं डबडं चुकत न्हाय म्हणून. मी म्हणलो असतो हिनं बघितलंय, तर ही सगळ्यांम्होरं खोटी पडली असती. कंपनीचा माणूस तितंच बसल्याला. हिची नोकरी गेली असती." मग दावणीकडे बघत म्हणाला, "कांदं तर गेलंच हुतं."

इतके महिने तो मान खाली घालून बसलेला मला दिसत होता, आणि मी समजत होते की तो माझ्यावर रागावलाय. त्या रागाची मला सवय झाली होती. राग नव्हताच, हे अंगावर आलं तेव्हा मला कुठं बघावं कळेना. इतके दिवस जे कुठं दुखत नव्हतं ते एकदम दुखायला लागलं, आणि ते थांबवायचं कसं हे मला माहीत नव्हतं.

तात्या ओट्यावर टेकले. "मोटरीचं काय करायचं मंग? दोन-दोन मोटरी कशाला ठिवायच्या?" त्यांनी दादाला विचारलं. बघू म्हणाला दादा. त्यानं रांजणातून तांब्या भरून त्यांना दिला, ते प्यायले. मग परत भरून मला दिला. मला तो धरता येईना. पाणी पायावर सांडलं, साडीवर सांडलं. दादानं माझ्या हातातून तांब्या काढून घेतला आणि म्हणाला, "बस खाली."